वासिली झाइत्सेव: स्कोप बसवणं एका टॅपचं काम नसतं तेव्हाची गोष्ट

बीजीएमआय खेळताना मोसिन-नागांट हाती लागली आणि बॅगेत ४एक्स स्कोप असला, की पुढचं काम एका टॅपचं असतं. स्कोप बसतो, निशाणा आधीच जुळलेला असतो, आणि आपण लगेच डोंगरावर जाऊन झोपतो. पण खऱ्या मोसिनवर हा स्कोप नक्की बसतो कशावर? गेममध्ये हे कधी दिसत नाही. खऱ्या आयुष्यात मात्र स्नायपर रायफलचा सगळा जीव त्या मधल्या तुकड्यात असतो. त्याला म्हणतात माउंट.

या लेखात मी तुम्हाला वासिली झाइत्सेवची गोष्ट सांगणार आहे. दुसऱ्या महायुद्धातला हा सोव्हिएत स्नायपर. त्याच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आहे, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण ही गोष्ट मी माउंटच्या बाजूने सांगणार आहे. युद्धानंतर स्कोप आणि रायफल यांची फारकत झाली, आणि आज जुन्या रायफली पुन्हा मूळ रूपात आणणारे लोक त्यांना परत जोडतात. ते जोडकाम समजलं, की झाइत्सेवच्या गोष्टीतलं काय खरं आणि काय मागून चिकटवलेलं, हेही ओळखता येतं.

हिशेबनीस ते स्नायपर

वासिलीचा जन्म २३ मार्च १९१५ चा. उरल पर्वताच्या भागातलं एक खेडं, शेतकरी घर. लहानपणी तो आजोबांबरोबर जंगलात शिकारीला जायचा. बर्फात तासन् तास न हलता बसणं, गोळी वाया न घालवणं, जनावर कुठून येईल याचा अंदाज बांधणं, हे सगळं तिथे अंगात भिनलं. पुढे मॅग्निटोगोर्स्कच्या तंत्रशाळेत बांधकामाचं शिक्षण झालं आणि मग तो हिशेबाच्या कामाला लागला.

१९३७ साली तो सोव्हिएत नौदलाच्या पॅसिफिक ताफ्यात भरती झाला. काम? पुन्हा हिशेबच. युद्ध सुरू झालं तेव्हा तो तिथल्या वित्त विभागात होता. म्हणजे जगातल्या सर्वात प्रसिद्ध स्नायपरपैकी एक माणूस तेव्हा टेबलावर बसून पगाराची आकडेमोड करत होता! त्याने आघाडीवर पाठवण्याची मागणी केली, आणि सप्टेंबर १९४२ मध्ये २८४ व्या रायफल डिव्हिजनबरोबर तो व्होल्गा नदी ओलांडून जळत्या स्टालिनग्राडमध्ये उतरला.

शहराची तेव्हा भिंत-भिंत लढवली जात होती. कारखान्याच्या एका दालनात जर्मन, शेजारच्या दालनात रशियन. अशा ठिकाणी रणगाड्यापेक्षा खिडकीत लपलेला एक माणूस जास्त भारी पडतो. वासिलीच्या हातात सुरुवातीला साधी मोसिन होती, लोखंडी माशीवरून नेम धरायची. त्याचा नेम वरिष्ठांच्या लक्षात आला आणि त्याला स्कोपवाली रायफल मिळाली.

त्या रायफलीत वेगळं काय होतं?

मोसिन-नागांट ही मुळात १८९१ ची रचना. १९३० मध्ये तिच्यात सुधारणा झाली, म्हणून नाव ९१/३०. स्नायपरसाठी वेगळी रायफल बनवलेली नव्हती. कारखान्यात चांगला नेम देणाऱ्या रायफली निवडायच्या आणि त्यांच्यावर स्कोप चढवायचा, अशी पद्धत होती. आधी पीई नावाचा ४ पटीचा मोठा स्कोप लावत. १९४२ पासून पीयू नावाचा छोटा, ३.५ पटीचा स्कोप आला. तो खरं तर एसव्हीटी-४० या दुसऱ्या रायफलसाठी बनवला होता, पण स्वस्त आणि सुटसुटीत असल्यामुळे मोसिनवर आणला. लांबी सुमारे १७ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या फोनएवढी. वजन पाव किलोच्या आसपास.

आता फोनएवढी नळी रायफलीवर बसवायची तर काय काय करावं लागतं बघा.

पहिलं, रिसीव्हरच्या डाव्या भिंतीला भोकं पाडून आटे काढायचे आणि तिथे स्टीलची एक पट्टी दोन जाड स्क्रूंनी आवळायची. पट्टी हलू नये म्हणून शिवाय पिना. प्रत्येक गोळीला रायफल जोराचा हिसका देते, त्यामुळे मोठे स्क्रू फिरू नयेत म्हणून त्यांना अडवणारे छोटे स्क्रू वेगळे. या पट्टीच्या पुढच्या टोकाला एक गोळा असतो. स्कोप धरणारा वरचा भाग त्या गोळ्यावर अडकतो आणि मागे स्क्रूने घट्ट होतो.

दुसरं, बोल्टचा दांडा बदलायचा. साध्या मोसिनचा दांडा सरळ आडवा असतो. तो वर उचलला की स्कोपला धडकणार. म्हणून स्नायपर रायफलीला लांब, खाली वाकवलेला दांडा.

तिसरं, लाकडात खाच. पट्टी बसायला दस्ता त्या जागी कोरावा लागतो.

आणि याची किंमत? साध्या रायफलीत पाच गोळ्यांची क्लिप वरून एका दाबात भरता येते. स्कोप मध्ये आला की ती वाट बंद. एकेक गोळी बोटाने भरायची. गेममध्ये स्कोप लावला की सगळं वाढतंच. खऱ्या रायफलीत काहीतरी मिळतं आणि काहीतरी जातं.

०.१ मिलिमीटरचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायला लावतात. आम्ही आयटीवाले तेव्हा वैतागायचो, की याचा आम्हाला काय उपयोग? उपयोग इथे दिसतो.

समजा माउंटच्या पुढच्या आणि मागच्या टेकूत १०० मिलिमीटर अंतर आहे. मागचा टेकू फक्त ०.१ मिलिमीटर सरकला, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीएवढा. चूक झाली हजारात एक. आता हेच प्रमाण ३०० मीटरला लावा. गोळी ३० सेंटीमीटर बाजूला! माणसाच्या छातीवर धरलेला नेम सरळ हवेत. काचेत काहीच बिघाड नाही, नळीत काही बिघाड नाही, नेमबाजाचा हातही स्थिर आहे. बिघाड फक्त सांध्यात.

पीयू स्कोपची आणखी एक खोड आहे. आजच्या स्कोपमध्ये ड्रम फिरवला तरी नेमाची खूण मध्यभागीच दिसते. पीयूमध्ये ती खूण चक्क सरकते. म्हणजे माउंट वाकडं बसलं असेल तर नेम जुळवता जुळवता खूण काचेच्या कोपऱ्यात जाते. म्हणून आधी माउंटच अचूक बसवावं लागतं, आणि उरलेली बारीक दुरुस्ती ड्रमने करायची. वर-खाली जुळवायला माउंटला स्क्रू दिलेले असतात. डावी-उजवी बाजू जुळवायला मात्र कारागीर धातू थोडा थोडा घासत असत. म्हणजे प्रत्येक माउंट त्या एका रायफलीच्या मापाने घडलेलं. दुसऱ्या रायफलीवर चढवलं तर बसेल, पण जुळेलच असं नाही.

म्हणूनच कारखान्यात नंबर मारत. स्कोपचा नंबर रायफलीच्या नळीच्या मुळाशी ठोकलेला आणि रायफलीचा नंबर माउंटवर. हल्ली आयफोनची स्क्रीन बदलली आणि तो भाग फोनने ओळखला नाही, की सेटिंग्जमध्ये तशी सूचना दिसते. इथे सॉफ्टवेअर नव्हतं, छिन्नी आणि हातोडा होता. पण कल्पना तीच: कोण कोणाचा जोडीदार, हे भागांवरच लिहून ठेवायचं.

२२५

१० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर १९४२ या काळात झाइत्सेवच्या नावावर २२५ जर्मन सैनिक आणि अधिकारी मारल्याची सोव्हिएत नोंद आहे. त्यातले ११ जण स्वतः स्नायपर होते. हा आकडा वाचताना गेममधला किल काउंट डोळ्यासमोर येतो, हे मला माहीत आहे. पण गेममध्ये मेलेला खेळाडू पुढच्या मॅचला परत येतो. इथे जेमतेम ३८ दिवसांत २२५ घरांत तार गेली असणार. दुसऱ्या बाजूला, त्याच्या शहरात सामान्य माणसं तळघरांत उपाशी बसली होती आणि हल्ला करून आलेलं सैन्य समोर होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्याशिवाय झाइत्सेव समजत नाही.

स्वतः नेम धरण्याइतकंच त्याचं दुसरं काम मोठं होतं: शिकवणं. एका कारखान्याच्या अवशेषांत त्याने नव्या मुलांना स्नायपरचं काम शिकवायला सुरुवात केली. त्याच्या आडनावात रशियन भाषेतला ससा दडलेला आहे, त्यामुळे त्याच्या शिष्यांना गमतीने सशाची पिल्लं म्हणत. जोडीने काम करायचं, एकाने बघायचं आणि एकाने नेम धरायचा, एका भागावर अनेक जोड्यांनी मिळून पहारा ठेवायचा, जागा सतत बदलायची, अशी त्याची शिकवण होती. एकट्या हिरोची गोष्ट सिनेमाला बरी पडते. स्टालिनग्राडमध्ये चालली ती टीम.

काच आणि डोळा

जानेवारी १९४३ मध्ये स्फोटात त्याच्या डोळ्यांना जबर इजा झाली. ज्याचं सगळं काम बघण्यावर चालायचं, त्याला दिसेनासं झालं. प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ व्लादिमीर फिलातोव यांनी त्याच्यावर उपचार केले, आणि दृष्टी परत आणण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. फिलातोव म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं, कॉर्नियाचं, रोपण सर्वमान्य करणाऱ्या अग्रणी डॉक्टरांपैकी एक.

तो अजून बरा होत असताना, २ फेब्रुवारीला, स्टालिनग्राडमधली शेवटची जर्मन तुकडी शरण आली. २२ फेब्रुवारी १९४३ ला त्याला सोव्हिएत संघाचा वीर हा सर्वोच्च किताब मिळाला. तो पुन्हा आघाडीवर गेला आणि कॅप्टन म्हणून बर्लिनजवळच्या सीलो टेकड्यांपर्यंत पोहोचला.

युद्ध संपल्यावर तो कीव्हमध्ये स्थायिक झाला. कापड उद्योगाचं शिक्षण घेतलं, इंजिनिअर झाला आणि एका कापड कारखान्याचा संचालकही. म्हणजे हिशेबनिसाने सुरुवात आणि इंजिनिअर म्हणून शेवट. मधली स्नायपरगिरी फार थोड्या काळाची.

रायफलींचं काय झालं?

युद्ध संपलं तेव्हा सोव्हिएत शस्त्रागारांत स्नायपर रायफलींचा मोठा साठा होता. एवढ्या स्नायपर रायफलींची गरज उरली नव्हती. म्हणून अनेक रायफलींचे स्कोप उतरवले, माउंटच्या पट्ट्या काढल्या, भोकांत स्क्रूचे तुकडे बसवून वरून वेल्डिंग केलं, घासून गुळगुळीत केलं, पुन्हा काळा रंग चढवला. वाकडा दांडा जाऊन सरळ दांडा आला. लाकडातली खाच भरली. काही ठिकाणी जुना नंबर आडव्या रेघेने खोडला. झाली साधी रायफल तयार. १९६३ मध्ये ड्रॅगुनोव्ह ही नवी स्नायपर रायफल आल्यावर तर जुनीचं महत्त्व आणखी कमी झालं.

१९९० नंतर या जुन्या रायफली मोठ्या संख्येने अमेरिकेत आणि इतरत्र विकल्या गेल्या. संग्राहकांच्या हाती त्या आल्या आणि काहींच्या लक्षात आलं, की डाव्या भिंतीवर बुजवलेल्या भोकांच्या दोन गोल खुणा दिसतायत. शेजारी एक जास्तीचा नंबर. ही तर जुनी स्नायपर!

मग सुरू होतं पुन्हा जोडण्याचं काम. वेल्ड काढायचं, पण मूळ आटे न बिघडवता. ड्रिल थोडं जरी सरकलं तर १९४३ सालचं भोक कायमचं गेलं. पट्टी बसवली की ती रिसीव्हरला सगळीकडून टेकते का ते बघायचं. आधी स्क्रू आवळून मग पट्टी बळजबरीने सरळ करायची नाही, नाहीतर ताण सांध्यात राहतो आणि दहा गोळ्यांनंतर नेम हलतो. ही सगळी कामं तिकडचे परवानाधारक कारागीर करतात. आपल्याकडे शस्त्र कायदा कडक आहे, त्यामुळे आपण हे वाचून समजून घ्यायचं, एवढंच.

पण खरा प्रश्न यांत्रिक नाहीच. बाजारात नव्याने बनवलेले पीयू स्कोप आणि माउंट मिळतात. कधीच स्नायपर नसलेल्या साध्या मोसिनला भोकं पाडून स्कोप चढवला, नंबर ठोकले, तर लांबून फरक कळत नाही. किंमत मात्र कितीतरी पट होते. म्हणून चांगला कारागीर काय करतो? जुनी खूण पुसत नाही. खोडलेला नंबर खोडलेलाच ठेवतो. नवीन माउंट बसवलं असेल तर त्यावर जुना नंबर मारत नाही. दुरुस्ती आणि बनावट यांत हाच फरक आहे: दुरुस्ती स्वतः दुरुस्ती असल्याचं लपवत नाही.

झाइत्सेवच्या गोष्टीवरचं वेल्डिंग

आता झाइत्सेवच्या सर्वात प्रसिद्ध गोष्टीकडे येऊ. गोष्ट अशी, की त्याला संपवायला जर्मनांनी बर्लिनहून आपल्या स्नायपर शाळेचा प्रमुख पाठवला. दोघांत काही दिवस लपाछपी चालली. शेवटी लोखंडी पत्र्याखाली लपलेला जर्मन फसला आणि वासिलीने त्याला टिपलं. २००१ च्या 'एनिमी अॅट द गेट्स' या सिनेमाचा कणा हीच गोष्ट आहे. जूड लॉ झाइत्सेव झाला, एड हॅरिस जर्मन मेजर.

या जर्मनाचं नाव कुठे कोनिग येतं, कुठे थोरवाल्ड. जर्मन कागदपत्रांत अशा अधिकाऱ्याची नोंद सापडलेली नाही. इतिहासकार अँटनी बीवर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे द्वंद्व प्रचाराचा भाग मानलं आहे. झाइत्सेवच्या आठवणींत ते आहे. आणि मॉस्कोच्या सैन्य संग्रहालयात त्या जर्मनाचा म्हणून एक स्कोप ठेवलेला आहे.

बघा, पुन्हा स्कोपच! काच खरी असू शकते. ती एखाद्या जर्मन सैनिकाची असू शकते. पण ती त्या माणसाची आहे हे सांगणारा सांधा कुठे आहे? नंबर जुळवायला दुसरा भागच नाही. स्नायपर झाइत्सेव खरा आहे, त्याची शिकवण खरी आहे, डोळ्याची जखम खरी आहे. द्वंद्वाचा तुकडा मात्र नंतर बसवलेला वाटतो. आणि गंमत म्हणजे त्या तुकड्याशिवायही ही रायफल पूर्ण आहे. तो काढला तर माणूस लहान होत नाही. उलट पगाराच्या वह्या सोडून आलेला, मुलांना शिकवणारा, दृष्टी जाऊनही परत उभा राहिलेला माणूस जास्त स्पष्ट दिसतो.

वासिली झाइत्सेव १५ डिसेंबर १९९१ ला कीव्हमध्ये वारला, वय ७६. त्यानंतर पंधरवड्याच्या आत सोव्हिएत संघही संपला. आपल्याला स्टालिनग्राडच्या मातीत पुरावं, अशी त्याची इच्छा होती. ती तेव्हा राहून गेली. ३१ जानेवारी २००६ ला त्याचे अवशेष कीव्हहून आणून व्होल्गोग्राडच्या मामायेव कुर्गान टेकडीवर लष्करी सन्मानाने पुन्हा दफन केले. शहराचं नाव एव्हाना बदललं होतं, देश बदलला होता. टेकडी तीच होती. त्याची रायफल त्याच शहरातल्या संग्रहालयात आहे, स्कोपसकट.

पुढच्या वेळी एखादा व्हिडिओ छातीठोकपणे सांगेल, की ही बघा अमक्याची खरी रायफल, किंवा ही बघा तमक्याची खरी गोष्ट, तेव्हा चकचकीत काचेकडे नंतर बघा. आधी सांधा बघा. दोन भाग कशाने जोडलेत, नंबर जुळतात का, आणि जोडणाऱ्याने वेल्डिंग लपवलंय का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.